पुरावा कोणी द्यायचा?



गेल्या महिन्यात आमच्या पाड्यावर सात कागद आले. सात घरांचे वनहक्काचे दावे अपात्र ठरल्याचे ते कागद. सातही कागदांवर ओळ एकच : "सबळ पुराव्याअभावी दावा अपात्र." नाव तेवढं बदललेलं. कोणता पुरावा दिला होता, त्यातला कोणता पटला नाही, का पटला नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

सातांतला एक कागद पाड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आईचा होता. तो आम्ही तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सासऱ्यानं दगड काढलं, नवऱ्यानं बांध घातला, मी नागली लावली. मी नव्हती तर तिथं कोण होतं, ते सायबाला इचारा."

आम्ही कायद्याची पुस्तकं थोडीफार वाचली, शिबिरं केली, वकिलांशी बोललो. पण नेमका प्रश्न विचारला तो या आईनं. ती कसत नव्हती असं जो म्हणतो, त्याच्याकडे काय पुरावा आहे? हा प्रश्न आजवर आपण कोणत्याच कचेरीत विचारला नाही. आपण नेहमी आरोपीसारखे उभे राहिलो आणि मागतील ते कागद शोधत फिरलो. म्हणून या अंकात याच गोष्टीवर लिहितो आहोत. सिद्ध कोणी करायचं?

कायद्यातलं ओझं

वकील याला शाबितीची जबाबदारी म्हणतात. आपण ओझं म्हणू. भांडण दोघांचं असेल तर पुराव्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर, हे कायद्यानं आधी ठरवलेलं असतं. पुरावा कोणाकडेच पुरेसा नसला, तर ज्याच्या डोक्यावर ओझं तो हरतो. म्हणजे पुष्कळ वेळा खटला सुरू होण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो.

१८७२ चा पुरावा कायदा इंग्रजांनी केला, तो २०२४ पर्यंत चालला. त्यातलं कलम १०१ सांगायचं की जो हक्क सांगतो, त्यानं तो सिद्ध करावा. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याच कायद्यात पुढे कलम ११० होतं. एखादी वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा मालक नाही, असं कोणी म्हणत असेल, तर तसं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. शहरातल्या माणसाच्या हातात घड्याळ असेल तर ते त्याचं नाही हे दुसऱ्यानं दाखवावं लागतं. त्याच्याकडे कोणी रोज पावती मागत नाही.

आपल्या बाबतीत काय होतं? १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम ६९ बघा. जंगलातला माल सरकारचा आहे की नाही असा प्रश्न निघाला, तर तो सरकारचाच आहे असं धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. घराच्या वाशासाठी आणलेलं लाकूड, बांधावरच्या झाडाची फळी, काही असो. गार्डनं हात लावला की ते सरकारचं. ते आपलं आहे हे आपण दाखवायचं. घड्याळवाल्याला एक कायदा आणि कोयतेवाल्याला दुसरा.

जमिनीचंही तसंच झालं. त्याच वन कायद्याप्रमाणे एखादं जंगल राखीव करायचं ठरलं की सरकार जाहीरनामा काढतं आणि ज्याचा काही हक्क असेल त्यानं मुदतीत येऊन सांगावं असं म्हणतं. मुदत तीन महिन्यांपेक्षा कमी नसावी, एवढीच अट. जो हक्क सांगितला नाही आणि चौकशीत ज्याची माहिती निघाली नाही, तो कलम ९ प्रमाणे संपला. आपल्या आजा-पणजाला अक्षर येत नव्हतं. जाहीरनामा तालुक्याच्या गावी लागायचा, नाहीतर गावच्या पाटलाला सांगितला जायचा. पाड्यावर कोण येत होतं? आपण गप्प राहिलो असं नाही, आपल्याला कोणी विचारलंच नाही. पण कागदावर त्याचा अर्थ झाला की इथं कोणाचा हक्क नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही म्हणून जमीन गेली.

सगळेच गप्प होते असंही नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात आणि शेजारच्या कुलाब्यात जंगलाच्या जाचाविरुद्ध इतकी ओरड झाली की १८८५ साली इंग्रज सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वारली, कातकरी, कोकणा यांची वर्णनं आहेत. आपण इथं होतो, जंगलात होतो, हे सरकारनंच छापून ठेवलं आहे. कोणाचा तुकडा कुठला हे त्यातून कळत नाही, हे खरं. पण "तुम्ही आलात कुठून?" असं जेव्हा एखादा साहेब विचारतो, तेव्हा त्याच्याच खात्याच्या कपाटाकडे बोट दाखवायला काय हरकत आहे?

पावती असली तरी हरलो, नसली तरी हरलो

आता आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट लिहितो. दंडाची पावती.

पूर्वी राउंडचा माणूस यायचा, नांगर अडवायचा, कोंबडी न्यायचा, कधी दंड करायचा. दंडाची पावती कधी द्यायचा, कधी नाही. ज्यांना मिळाली त्यांनी ती फडक्यात बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवली. कुडाच्या घरात कागद किती टिकतो? अर्ध्या वाळवीनं खाल्ल्या, काही पावसात गेल्या, काही घराबरोबर जळाल्या.

बरीच वर्षं हीच पावती आपल्या विरुद्ध होती. पावती म्हणजे गुन्हा कबूल, पावती म्हणजे अतिक्रमण. मग २००६ चा वनहक्क कायदा आला आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो हे दाखवायचं ठरलं. आता तीच पावती सोन्याची झाली. ज्याच्याकडे जुनी पावती तो खरा. ज्याच्याकडे नाही त्याला विचारतात, "तू तिथं होतास कशावरून?"

म्हणजे ज्याला फॉरेस्टनं पकडून दंड केला, त्याचा पुरावा आहे. ज्यानं कोंबडी देऊन सुटका करून घेतली, त्याचा नाही. ज्याचा डबा वाळवीनं खाल्ला, त्याचाही नाही. आणि अजूनही असे साहेब भेटतात, जे पावती बघून म्हणतात, "हे बघा, तुम्हीच कबूल करता की तुम्ही अतिक्रमणदार होता." पावती असली तरी हरलो, नसली तरी हरलो. हे ओझं उचलून न्यायचं ओझं नाही. हे डोक्यावर ठेवून माणूस खाली बसावा म्हणून ठेवलेलं आहे.

आता एक साधी गोष्ट विचारा. पावती पुस्तकातली असते. एक प्रत आपल्याला, दुसरी खात्यात. गुन्ह्याचा रिपोर्ट खात्याकडे, अतिक्रमणाच्या याद्या खात्याकडे, जप्तीचे पंचनामे खात्याकडे. आपली प्रत वाळवीनं खाल्ली, त्यांची कोणी खाल्ली? १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०६ म्हणायचं की जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर. कलम ११४ मध्ये सांगितलं होतं की जो आपल्या हातातला पुरावा दाबून ठेवतो, त्याच्याबद्दल कोर्टानं असं धरायला हरकत नाही की तो पुरावा बाहेर आला असता तर त्याच्याच विरुद्ध गेला असता. वनहक्काच्या समित्या म्हणजे कोर्ट नव्हेत, हे आम्हाला कळतं. पण न्यायाची रीत कचेरी बदलली म्हणून उलटी होत नाही.

नवा कायदा काय म्हणतो

वनहक्क कायदा वाचायला सुरुवात केली की पहिल्याच पानावर सरकारनं लिहिलं आहे की जंगलात राहणाऱ्यांचे हक्क नोंदले गेले नाहीत आणि त्यातून ऐतिहासिक अन्याय झाला. ही आपली घोषणा नाही, संसदेनं लिहिलेलं वाक्य आहे. ज्यानं चूक कबूल केली, त्यानं ज्याच्यावर चूक झाली त्यालाच उन्हात उभं करून "सिद्ध कर" म्हणावं, हे कुठल्या गावपंचायतीत चालेल?

कायदा करणाऱ्यांना हे समजत होतं. म्हणूनच नियम १३ मध्ये पुराव्याची यादी मोठी ठेवली. सरकारी दप्तर आहे, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टी आहे. पण त्याबरोबर जमिनीवर दिसणारी खूणही पुरावा आहे : घर, झोपडी, सपाट केलेलं शेत, बांध, पाणी अडवलेली ताल. जुनी विहीर, मसणवटा, देवाची जागा पुरावा आहे. वंशावळ पुरावा आहे. आणि दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा आहे. यातले एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे, एवढंच नियम म्हणतो. त्यात पावती असलीच पाहिजे असं कुठंही नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारनं नियम सुधारले. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक वनहक्क समितीनं पाठ कराव्यात अशा आहेत.

एक. अमुकच कागद आणा असा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही.

दोन. उपग्रहाचा फोटो इतर पुराव्यांच्या जोडीला वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. आपली नागली-वरईची वरकस जमीन दोन-तीन वर्षं पिकवून टाकून ठेवावी लागते. त्या वर्षी आकाशातून ती गवताळ दिसणार. शेजारच्या गुजरातमध्ये हायकोर्टानं २०१३ साली हेच सांगितलं आणि नाकारलेले दावे पुन्हा तपासायला लावले.

तीन. दावा नाकारायचा किंवा कमी करायचा तर सविस्तर कारणं लिहून द्यायची. नुसत्या तांत्रिक कारणावरून नाकारायचा नाही. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर दावा फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे परत पाठवायचा. म्हणजे आमच्या पाड्यावर आलेली ती एक ओळ नियमाला धरून नाही.

चार. ही सगळ्यांत महत्त्वाची. जागेच्या पडताळणीला वनखात्याच्या आणि महसूलच्या माणसांनी हजर राहायचं आणि आपला शेरा, सही, हुद्दा, तारीख लिहायची. ते आले नाहीत आणि मागून त्यांनी हरकत घेतली, तर पडताळणी पुन्हा करायची. दुसऱ्या वेळीही आले नाहीत, तर जागेच्या पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. इथं कायद्यानं ओझं थोडं का होईना त्यांच्या डोक्यावर ठेवलं आहे. तुम्हाला हरकत आहे ना? मग शेतावर या, चिखल तुडवा, लिहून द्या.

सरकारनं स्वतःहून काम करायचं ही रीत नवी नाही. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडून परत करण्याचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. त्यात आदिवासीचा अर्ज नसला तरी कलेक्टरनं स्वतःहून चौकशी करावी अशी सोय आहे. कारण सरकारला ठाऊक होतं की कागद सावकाराकडे आणि अंगठा आपला. १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, तेव्हाही चोपडी सावकाराचीच होती. आपल्या मुलुखात लिहिलेलं नेहमी खरं आणि बोललेलं नेहमी खोटं असं कधीच नव्हतं. पुष्कळ वेळा उलटंच होतं.

आपल्या घरातलंही बोलू

आता थोडं कडू लिहितो. काही साथींना राग येईल.

ओझं सगळं सरकारवर टाका आणि आपण मोकळे, असं आमचं म्हणणं नाही. जातीच्या दाखल्याचं बघा. २००० सालच्या महाराष्ट्राच्या जात पडताळणी कायद्यात, मी आदिवासी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच आहे. त्या कायद्यानं आपल्या पोरांना किती खेटे घालायला लावले ते आपण जाणतो. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, तर त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? पण बोगस लोक आपल्या जागा खात होते, तेव्हा कडक तपासणी करा असं मोर्चात ओरडणारे आपणच होतो. आणि ते ओरडणं चूक नव्हतं. म्हणजे पुरावा मागणं हेच वाईट, असं आपल्याला म्हणता येत नाही. ज्याच्याकडे असणं शक्य आहे त्याच्याकडून, जेवढा शक्य आहे तेवढा मागावा, एवढंच आपलं म्हणणं आहे.

वनहक्कातही तसंच. काही पाड्यांवर २००५ नंतर झाडं तोडून नवे तुकडे पाडले गेले, हे आपण उघड बोलत नाही. काही ठिकाणी एकाच म्हाताऱ्या माणसाचा अंगठा वीस जबाबांवर आहे, आणि वीसही जबाब शब्दाला शब्द सारखे. त्या म्हाताऱ्याला त्यातली दोन शेतंसुद्धा नीट ठाऊक नसतील. भावाभावांनी एकच शेत दोन नावांवर दाखवल्याचीही उदाहरणं आहेत.

असं केलं की साहेबाला बरं होतं. एक खोटा जबाब सापडला की तो शंभर खरे बाजूला ठेवतो. जाणत्या माणसाचं तोंडी बोलणं हा कागदाइतकाच पुरावा आहे, हे कायद्यात यावं म्हणून ठिकठिकाणच्या संघटना वर्षानुवर्षं लढल्या, लोक जेलमध्ये गेले. तो पुरावा स्वस्त केला तर नुकसान त्या म्हाताऱ्या आईचं, जिच्याकडे दुसरं काहीच नाही.

म्हणून ग्रामसभेनं खोटा दावा स्वतः नाकारावा. तोंडावर नाकारावा, कारण लिहून नाकारावा. जी ग्रामसभा "नाही" म्हणू शकते, तिच्या "हो" ला वजन येतं. आमच्या पाड्यानं दोन दावे असे नाकारले. त्यातला एक आमच्याच समितीतल्या माणसाच्या पुतण्याचा होता. चार महिने बोलणं बंद होतं. आता पुन्हा बोलतो.

मग करायचं काय

पहिलं, ज्यांना "पुराव्याअभावी" एवढीच ओळ आली, त्यांनी गप्प बसू नये. निर्णय हातात पडल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येतं. कागद कोणत्या तारखेला मिळाला, ते त्याच कागदाच्या पाठीवर लिहून ठेवा. अपिलात पहिली मागणी ही : माझा कोणता पुरावा, कोणत्या कारणानं नाकारला, ते लिहून द्या.

दुसरं, वनहक्क समितीनं उपविभागीय समितीकडे नकाशे आणि मतदार याद्या लेखी मागाव्यात. त्या देणं हे त्यांचं काम आहे. दंडाच्या आणि गुन्ह्यांच्या जुन्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागा. "नोंद सापडत नाही" असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. ज्याच्या दप्तरात नोंद सापडत नाही, त्यानं दुसऱ्याकडे नोंद मागू नये, हे सांगायला तो कागद उपयोगी पडेल.

तिसरं, जबाब घरी बसून लिहू नका. म्हाताऱ्या माणसाला शेतावर न्या. बांध कोणी घातला, कोणत्या दुष्काळात, आंबा कोणी लावला, त्या वर्षी पाड्यात कोण जन्मलं, कोण वारलं, ते तिथं उभं राहून विचारा आणि तो बोलेल तसंच लिहा. आपल्या बोलीत लिहिलं तरी चालतं. असा जबाब दुसऱ्यासारखा कधीच निघत नाही, आणि तो खोटा म्हणणं कोणालाही जड जातं.

चौथं, पडताळणीची नोटीस वनखात्याला आणि तलाठ्याला द्या, पोचेवर सही घ्या. आले तर चहा पाजा आणि शेरा लिहून घ्या. नाही आले तर तसं पंचनाम्यात लिहा आणि दुसरी नोटीस द्या.

पाचवं, दाव्यात बाईचं नाव घाला. पट्टा नवराबायकोच्या दोघांच्या नावानं व्हायचा हे कायद्यातच आहे. विधवेला "तुझ्या नावावर काय आहे?" असं विचारलं तर सासऱ्याची वंशावळ पुढे करा.

आणि एक सगळ्यांनी ध्यानात ठेवा. कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची तपासणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही. दावा अपात्र झाला, अपील बाकी आहे, आणि कोणी येऊन "आता तू अतिक्रमणदार सिद्ध झालास" म्हणाला, तर त्याला विचारा, कुठं सिद्ध झालं? कोणापुढे? माझा हक्क सिद्ध झाला नाही असं कोणी लिहिलं असेल. पण मी चोर आहे हे अजून कोणीही सिद्ध केलेलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांच्यामध्ये आपली सगळी शेती उभी आहे.

त्या म्हाताऱ्या आईचं अपील आम्ही भरलं. तिच्या शेताच्या वरच्या अंगाला दगडाचा बांध आहे, छातीइतका. त्याच्या सांध्यातून उंबर उगवला आहे, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. अपिलात आम्ही लिहिलं आहे की समितीनं येऊन तो बांध आणि तो उंबर बघावा, आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत खाली लिहिला आहे : ती नव्हती तर तिथं कोण होतं?

उत्तर लेखी मागितलं आहे. आलं की पुढच्या अंकात छापू.